बटाटे थोडे निघाले तर दोष हाताला देऊ नका

 

आज आम्ही बटाट्याविषयी बोलणार आहोत. शेतातल्या नाही, दारातल्या बटाट्याविषयी. पोत्यात, फुटक्या बादलीत, नाहीतर परसातल्या चार हाताच्या वाफ्यात आपण जो लावतो, त्या बटाट्याविषयी. आणि त्यातही तो थोडा निघाला, मनासारखा निघाला नाही, तर काय करायचं, याविषयी जास्त बोलणार आहोत. कारण गेल्या दोन हिवाळ्यांत गटाच्या बैठकीत आम्ही सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "ताई, पाला एवढा आला, पण खाली काहीच नाही."

आपला आंबेगाव-खेडचा भाग बटाट्याला नवखा नाही. सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटाच बटाटा असतो. मंचरच्या बाजारात बेण्याच्या गोण्या उतरतात, त्या आपण लहानपणापासून बघत आलोय. आपल्यापैकी कितीतरी जणी लागवडीला आणि काढणीला रोजाने जातात. दिवसभर दुसऱ्याच्या रानातला बटाटा वेचतात आणि संध्याकाळी येताना स्वतःच्या भाजीला दुकानातून अर्धा किलो विकत घेतात. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यांनी दारात दोन पोती लावली, तर ती दोन पोती म्हणजे त्यांचं शेत असतं. म्हणून त्यात थोडं निघालं की मनाला लागतं. आणि घरातलं कुणीतरी लगेच बोलतंच, "बायकांचे उद्योग, दुसरं काय!"

तर आधी एक प्रश्न विचारू या. थोडं म्हणजे किती? वजन केलं होतं का? बहुतेक जणी सांगतात, "नाही, पण थोडंच होतं." मैत्रिणींनो, गटाचा पैसा आपण असा मोजतो का? पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र आहे हिशेब लिहिणं. तेच इथे लावायचं. शेतकरी बटाट्याचं गणित बेण्यावर मांडतात. एका पोत्याच्या बेण्याला किती पोती निघाली? चांगल्या रानात, चांगल्या हंगामात, एकास आठ, एकास दहा असं निघतं. आपण पोत्यात लावतो तेव्हा मुळांना जागा कमी असते. तिथे एकास पाच ते सात निघालं, तर ते चांगलं समजावं. म्हणजे १०० ग्रॅम बेणं लावलं आणि अर्धा किलोच्या वर बटाटे निघाले, तर निराश व्हायचं कारणच नाही. मोबाईलवर दाखवतात ना, पोतं उलटं केलं आणि टोपलीभर बटाटे घरंगळले, त्याच्याशी आपली तुलना करू नका. त्या पोत्यात बेणं किती होतं, ते कुणी सांगत नाही.

पण एकास दोन निघालं, एकास तीन निघालं, तर मात्र कारण शोधायला हवं. आणि कारण सापडतं. बटाटा काढताना आपण घाई करतो, हात घालून बटाटे उपसतो, पाला उकिरड्यावर टाकतो आणि विषय संपवतो. तसं करू नका. पोतं आडवं करा, माती पसरा आणि बघा. काय झालं होतं ते पाला आणि बटाटे स्वतःच सांगतात.

त्यासाठी बटाटा कसा धरतो, हे थोडं समजून घेऊ. बटाटा हे मूळ नाही, ते खोड आहे. झाडाच्या जमिनीतल्या खोडाला पांढरे दोरे सुटतात आणि त्या दोऱ्यांची टोकं फुगून बटाटे होतात. पानांनी उन्हात तयार केलेलं अन्न रात्री खाली उतरतं आणि तिथे साठतं. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतल्या उंच, थंड डोंगरांवरचा. पोर्तुगिजांनी तो आपल्याकडे आणला आणि त्यांचाच 'बटाटा' हा शब्द आपण उचलला. पण त्याची सवय बदललेली नाही. त्याला दिवसा लख्ख ऊन लागतं आणि रात्री गारवा लागतो. रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असलं, की बटाटे चांगले धरतात. रात्री उकडायला लागलं, की झाड उंच वाढतं, पाला करतं, पण खाली साठवत नाही.

आता निराशेचे प्रकार एकेक घेऊ. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिला प्रकार, पाला भरपूर आणि बटाटे चारच. याची तीन कारणं असतात. एक, उशिरा लावले. आपल्या भागात दारातल्या बटाट्याला सगळ्यात बरा काळ म्हणजे दसरा ते तुळशीचं लग्न. तेव्हा लावले तर बटाटे धरायच्या वेळी मार्गशीर्ष-पौषाची थंडी असते. संक्रांतीचं हळदीकुंकू उरकून मग लावले, तर ते फुगायच्या वेळी शिमग्याचं ऊन येतं. दोन, खत चुकीचं. युरिया टाकला किंवा ताजं शेण घातलं, की झाड हिरवंगार होतं आणि आपण खूश होतो. पण ती वाढ पाल्याची असते. शेणखत जुनं, कुजलेलं, मातीसारखं भुसभुशीत झालेलंच घ्या. त्यात मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर चुलीची राख मिसळा. तीन, सावली. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. भिंतीआड, झाडाखाली, पत्र्याच्या वळचणीला बटाटा जगतो, पण पोसत नाही.

या सावलीवरून आमच्या गटातली एक गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, त्या ताईंच्या परवानगीने सांगतोय. त्यांचे यजमान वारले, त्याला चार वर्षं झाली. परवाच्या हिवाळ्यात सगळ्यांबरोबर त्यांनीही पोत्यात बटाटे लावले आणि फार थोडे निघाले. घरात आणि शेजारात बोलणं झालं की हिच्या हाताला यशच नाही, हिने कशाला लावावं? मैत्रिणींनो, असं बोलणं आपल्या गावात नवीन नाही. हळदीकुंकवाला नको, ओटीला नको, आता बटाट्यालाही नको. ताई बैठकीत आल्या तेव्हा म्हणाल्या, "यंदा माझं पोतं दुसरं कुणीतरी लावा."

आम्ही तसं केलं नाही. आम्ही ठरवलं की पोती दोन, बेणं एकच, दिवस एकच आणि दोन्ही लावणार ताईच. प्रत्येक पोत्यात ४०-४० ग्रॅमचे तीन तुकडे, म्हणजे १२० ग्रॅम बेणं. एक पोतं जुन्याच जागी, आंब्याखाली. दुसरं फाटकाजवळ, जिथे सकाळपासून ऊन असतं. पाणी दोघांना सारखं, भर सारखी. नव्वद दिवसांनी सगळ्या जणी जमलो, दुकानातला काटा आणला. आंब्याखालच्या पोत्यात २५० ग्रॅम निघाले. फाटकाजवळच्या पोत्यात ८५० ग्रॅम. हात तेच होते. वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि खाली ताईंनी सही केली. त्यांच्या सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. त्या वेळी काही बोलल्या नाहीत. पण उठताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझंही एक पोतं तिथंच लाव."

म्हणून आम्ही वजन करा म्हणतो. आकडा लिहिलेला असला, की बोलणाऱ्याला बोलताना विचार करावा लागतो.

दुसरा प्रकार, बटाटे पुष्कळ, पण सगळे सुपारीएवढे. इथे बहुतेक वेळा गर्दी झालेली असते. एका पोत्यात सात-आठ तुकडे कोंबले, की सगळे एकमेकांचं खातात. धान्याच्या मोठ्या पोत्यात तीन तुकडे पुरे. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात एक, फार तर दोन. दुसरं कारण पाणी. लागवडीनंतर साधारण पस्तिसाव्या दिवसापासून सत्तराव्या दिवसापर्यंत बटाटे धरतात आणि फुगतात. त्या काळात माती सुकली, तर ते तिथेच थांबतात. नेमकी तेव्हाच लग्नसराई असते, आपण दोन-चार दिवस माहेरी जातो आणि पोतं कोरडं पडतं. जाणार असाल तर शेजारणीला सांगून जा. तिसरं कारण, लवकर काढणं. साठ दिवसांनी उकरून बघायचा मोह होतो. पाला पिवळा पडून लोळू लागेपर्यंत थांबा.

तिसरा प्रकार, बटाटे वरून हिरवे. म्हणजे त्यांना ऊन लागलं, मातीची भर कमी पडली. हे फक्त दिसायला वाईट नाही. हिरव्या भागात विषारी द्रव्य असतं, चव कडवट लागते, उलटी-जुलाब होऊ शकतात. थोडासा हिरवा असेल तर तेवढा भाग जाड कापून टाका. सगळाच हिरवा असेल तर तो बटाटाच टाकून द्या, लेकरांना तर मुळीच देऊ नका. उघड्या पडलेल्या बटाट्यावर पाकोळी अंडी घालते, मग अळी आत पोखरत जाते, तेही टळायला हवं. यावर उपाय एकच, भर. झाड वीतभर झालं, म्हणजे साधारण महिन्याने, बुडाशी चार बोटं माती लावा. पंधरा दिवसांनी परत लावा. शेतात आपण हेच करतो, दारात मात्र विसरतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. काही जणींना वाटतं, पोत्यात माती वर वर चढवत गेलं की मजल्यावर मजले बटाटे धरतील. आपल्याकडच्या नव्वद-शंभर दिवसांच्या जातींत तसं होत नाही. बटाटे बेण्याच्या आसपासच धरतात. दोन भरी पुरे. त्याहून जास्त माती म्हणजे नुसती मेहनत.

चौथा प्रकार, बटाट्याला तडे, वेडेवाकडे आकार. म्हणजे पाणी कधी फार, कधी अजिबात नाही. बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. रोज सवयीने तांब्या ओतू नका.

पाचवा, काढताना कुजकट वास आणि मऊ पडलेले बटाटे. पोत्याला खाली भोकं नव्हती, किंवा माती चिकट काळी होती. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. दोन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं वाळू किंवा भाताचं तूस घाला. पोत्याच्या बुडाला आणि बाजूंना दाभणाने आठ-दहा भोकं पाडा. पोतं जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा.

सहावा, झाडच खुरटं, पानं वळलेली, चट्टेरी. हा बेण्यातून आलेला रोग असतो, विषाणूचा. मावा तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. पानांमागे मावा दिसला, तर निंबोळी अर्क फवारा. पण वळलेलं झाड सुधारत नाही, ते उपटून टाका. आणि त्यातला बटाटा पुढच्या वर्षी बेण्याला ठेवू नका. ढगाळ, धुक्याच्या दिवसांत पानांवर काळपट डाग पडले, तर तो करपा. डागाळलेली पानं काढून लांब पुरा आणि पाणी सकाळी, बुडाशीच द्या, पानांवर नको. टोमॅटो, वांगी, मिरची ही सगळी बटाट्याचीच भावंडं. ज्या मातीत ती होती, त्याच मातीत लगेच बटाटा लावला, तर रोग तयारच असतो. त्या मातीत आधी मेथी किंवा चवळी घ्या.

आणि सातवा प्रकार, उगवलाच नाही. इथे आपण बेण्याकडे येतो. स्वयंपाकघरातला बटाटा उचलून लावला, तर तो कधी उगवतो, कधी महिनाभर तसाच पडून राहतो. बाजारातला खाण्याचा बटाटा बऱ्याचदा शीतगृहातून येतो आणि त्याला कोंब येऊ नयेत म्हणून औषध दिलेलं असू शकतं. तो कुठल्या जातीचा, किती जुना, रोगी की निरोगी, काही कळत नाही. त्यापेक्षा गटातल्या दहा जणींनी मिळून चार-पाच किलो चांगलं बेणं आणावं. एकटीला गोणी परवडत नाही, पण गावात ज्यांनी गोणी आणलीय त्यांच्याकडून वजनावर घेता येतं.

जातीचं नाव विचारा. बहुतेक नावांत 'कुफरी' येतं. कुफरी हे शिमल्याजवळचं गाव आहे आणि शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जातींना ते नाव लागतं. कुफरी ज्योती, कुफरी पुखराज ही नावं तुम्ही ऐकली असतील. एक जात आहे कुफरी लवकर. १९७२ साली आलेली, आपल्या महाराष्ट्राच्या पठारासाठीच काढलेली आणि नावातला शब्दही आपलाच. ती लवकर तयार होते. उष्णता थोडी जास्त सोसणारी जात आहे कुफरी सूर्या. जी मिळेल ती लावा, पण नाव वहीत लिहा.

बेणं कोंबडीच्या अंड्याएवढं असेल, तर आख्खंच लावा. मोठं असेल तर कापा, पण प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे हवेत आणि तुकडा ४० ग्रॅमच्या आसपास हवा. लहान तुकड्यात झाडाला सुरुवातीचं अन्नच पुरत नाही. कापल्यावर लगेच मातीत घालू नका. एक-दोन दिवस सावलीत पसरा, कापलेली बाजू सुकली पाहिजे. लावण्याआधी बेणं आठ-दहा दिवस उजेडात, पण उन्हात नाही, असं ठेवलं तर आखूड, जाड, हिरवट कोंब येतात. अंधारातले लांब पांढरे कोंब हात लावताच तुटतात. कोंब वर करून चार बोटं खोल लावा. पोतं आधी निम्म्यापेक्षा कमी भरा, कडा दुमडून ठेवा, म्हणजे पुढे भरीला जागा राहते.

काढणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी बंद करा आणि पाला बुडापासून कापा. त्याने साल घट्ट होते आणि बटाटे टिकतात. काढल्यावर धुऊ नका. सावलीत वाळवा आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा.

आता पैशाचं बोलू, कारण गटात ते बोलावंच लागतं. पाच माणसांच्या घरात आठवड्याला दोन किलो बटाटे लागतात असं धरलं, तर चांगली पिकलेली चार पोती म्हणजे दोन आठवड्यांचीही भाजी होत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. पोत्यातला बटाटा घर चालवत नाही. म्हणून त्यासाठी गटातून कर्ज काढू नका, विकतच्या शोभेच्या पिशव्या आणि विकतची माती आणू नका. जुनं पोतं, घरचं खत आणि थोडं बेणं, एवढाच खर्च ठेवा. मग जे निघेल ते आपलं. लेकरं माती उकरून बटाटे शोधतात, त्या दिवशीची भाजी ती न कुरकुरता खातात, हेही हिशेबात धरा.

आणि ज्यांच्या दारात ऊनच येत नाही, त्यांनी हट्ट करू नका. तिथे अळू लावा, पुदिना लावा, हळद-आलं लावा. सावलीत ती छान होतात. तुमचं पोतं शेजारणीच्या उन्हात ठेवता येईल का, तेही विचारा. आमच्या गटात तीन जणींनी एकीच्या ओट्यासमोर पोत्यांची रांग लावली आहे आणि पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या आहेत.

शेवटी काम सांगतो. बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर सात रकाने आखा. लावल्याची तारीख, जातीचं नाव, बेण्याचं वजन, उन्हाचे तास, भर दिल्याच्या तारखा, काढल्याची तारीख आणि निघालेलं वजन. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी मुलीकडून, सुनेकडून लिहून घ्या, पण वजनाला स्वतः उभ्या राहा. कमी निघालं तरी लिहा. कमी निघालेला आकडाच पुढच्या वर्षी उपयोगी पडतो.

माघात काढणी होईल, तेव्हा प्रत्येक गटाने आपापली वही घेऊन बैठकीला यावं. आम्ही काटा घेऊन येतो. कुणाचे जास्त, कुणाचे कमी अशी स्पर्धा लावणार नाही. सगळ्या रकान्यांची नजर एकदा एकमेकींच्या वहीवरून फिरवू आणि पुढच्या दसऱ्याला काय बदलायचं ते ठरवू. येताना एकेक बटाटा आणा, बैठकीतच भाजी करू.